सुंठीवाचून गेलेला खोकला

दुसऱ्या महायुद्धात इजिप्तमध्ये तळ देऊन असलेल्या ब्रिटिश आणि अमेरिकी फौजांत पोलिओचे रुग्ण निघू लागले, तेव्हा लष्करी डॉक्टर बुचकळ्यात पडले. आसपासच्या वस्तीत या आजाराचे नाव कोणी काढत नव्हते. उकळलेले पाणी पिणारा, सकस खाणारा जवान पांगळा होत होता आणि गटाराकाठी खेळणारी पोरे ठणठणीत दिसत होती. 1943 मध्ये अमेरिकी लष्कराने येलचे जॉन पॉल आणि सिनसिनाटीचे आल्बर्ट सेबिन यांना कैरोला धाडले. तिथल्या त्यांच्या कामांत हे कोडेही होते. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेत आणि फिलिपिन्समधल्या अमेरिकी फौजेतही तोच प्रकार चालला होता. पुढे पॉल यांच्या गटाने ठिकठिकाणच्या लोकांचे रक्त तपासले, तेव्हा उलगडा झाला. कैरोतल्या बहुतेक मुलांना तीन-चार वर्षांची होईतो पोलिओचा विषाणू भेटून गेलेला असे. अमेरिकी शहरांत त्या वयाच्या फार थोड्या मुलांच्या रक्तात त्याच्या खुणा, म्हणजे प्रतिपिंडे सापडत.

शास्त्र चोख होते. त्यावरून व्यवहारात काढला गेलेला निष्कर्ष मात्र सोयीचा होता: उष्ण देशांतल्या मुलांना निसर्गच लस टोचतो, तिकडे पोलिओची चिंता नको. सुंठीवाचून खोकला गेला, असा तो हिशेब. तो जवळपास तीस वर्षे टिकला. 1970च्या दशकात घानामध्ये शाळांमधून हिंडून लंगडणारी मुले मोजली गेली, आणि पोलिओचे जे प्रमाण निघाले ते अमेरिका-युरोपातल्या लसीपूर्वीच्या साथींच्या तोडीचे होते. भारतातही 1980च्या दशकाच्या आरंभी अशाच पाहण्या झाल्या आणि दरवर्षी लाखांच्या घरात मुले पांगळी होत असावीत, हे ध्यानात आले. साथ दिसत नव्हती, कारण ती कधी ओसरतच नव्हती. बाळाला ताप यायचा, पाय लुळा पडायचा. घरचे कधी दैवाला बोल लावत, कधी तापात टोचलेल्या सुईला. एकेका घरातली ती एकेकटी दुर्घटना कुणाच्या वहीत चढत नव्हती. कैरोतली गटाराकाठची पोरे ठणठणीत दिसत, कारण जी ठणठणीत नव्हती ती घरात बसलेली होती.

हा इतिहास आज उकरायचे कारण म्हणजे 2020 साली तोच निष्कर्ष आपण पुन्हा काढला. ‘आपण धुळीमातीत वाढलेली माणसे, आपल्याला काय होतंय’ हे वाक्य त्या वर्षी ओट्यावर, कट्ट्यावर आणि वाहिन्यांवरच्या चर्चांतही ऐकू येत होते. त्याची एक अभ्यासू आवृत्तीही होती. उष्ण प्रदेशातल्या दाटीवाटीच्या घरांत मुलांना सर्दीचे साधे कोरोनाविषाणू लहानपणापासून वारंवार होतात. त्या सरावामुळे त्यांचे शरीर नव्या कोरोनाविषाणूलाही ओळखते. म्हणून आफ्रिका आणि दक्षिण आशियात मृत्यू कमी. या मांडणीला थट्टेवारी नेऊ नये. तिच्यात तथ्याचा मोठा अंश आहे, आणि म्हणूनच ती पारखून पाहावी लागते.

सर्दीच्या या विषाणूंकडे शास्त्राने कधी फार आदराने पाहिले नाही. इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळ 1946 पासून एक सर्दी संशोधन केंद्र होते. स्वयंसेवक तिथे येऊन राहत, त्यांच्या नाकात मुद्दाम विषाणूचे थेंब सोडत आणि किती रुमाल भिजले ते मोजत. तिथे डेव्हिड टायरेल यांच्या हाती एका शाळकरी मुलाच्या नाकातला एक नमुना आला. तो नेहमीच्या पद्धतीने वाढेना. श्वासनलिकेच्या जिवंत तुकड्यांवर मात्र वाढला. 1965 मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली. पुढच्या वर्षी शिकागो विद्यापीठातून डोरोथी हॅमरे आणि जॉन प्रॉकनाव यांचा 229ई आला, त्यानंतरच्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतून ओसी43. जून अल्मेडा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे रूप पाहिले आणि 1968 मध्ये या कुळाचे बारसे झाले. त्यानंतर पस्तीस वर्षे कुणी फारशी विचारपूस केली नाही. सर्दीने कोण मरते? 2003 मध्ये सार्सच्या कोरोनाविषाणूने धडकी भरवली, तेव्हा शोध पुन्हा सुरू झाला आणि दोन जुनेच विषाणू नव्याने सापडले. 2004 मध्ये ॲमस्टरडॅमला सात महिन्यांच्या बाळात एनएल63 मिळाला आणि 2005 मध्ये हाँगकाँगला एका वृद्धात एचकेयू1. हे दोघे तोवर जगभर सुखाने नांदत होते.

229ई, ओसी43, एनएल63 आणि एचकेयू1 या चौघांची एक खोड सॅलिसबरीच्याच एका छोट्या प्रयोगात उघडी पडली. पंधरा स्वयंसेवकांच्या नाकात 229ई सोडला गेला. ज्यांना संसर्ग झाला त्यांची प्रतिपिंडे काही आठवड्यांत वाढली आणि वर्षभरात बरीच उतरली. वर्षाने त्यांना पुन्हा तोच विषाणू दिला, तेव्हा बहुतेकांना तो पुन्हा लागला. सर्दी मात्र एकालाही झाली नाही. 1990 मध्ये छापलेल्या या निबंधातली ही गोष्ट मला सगळ्या पुढच्या संशोधनाची किल्ली वाटते. संसर्ग अडवणारी प्रतिकारशक्ती वर्षभरात झिजते. आजार सौम्य करणारी टिकते. 2020 मध्ये ॲमस्टरडॅमच्याच संशोधकांनी दहा पुरुषांचे पस्तीस वर्षांत साठवलेले रक्त तपासले. त्यातही बारा महिन्यांनी पुन्हा संसर्ग होणे हे सर्रास आढळले.

म्हणजे या विषाणूंशी माणसाचे नाते एका भेटीचे नसते. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे पहिल्या काही महिन्यांत ओसरतात आणि मग बाळ एकेका विषाणूला सामोरे जाते. अमेरिकेतल्या जेनी लॅव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हिशेब मांडला, त्यानुसार या चार विषाणूंच्या पहिल्या संसर्गाचे सरासरी वय साडेतीन ते पाच वर्षांच्या दरम्यान येते. पुढच्या भेटी या पहिल्या भेटीच्या आठवणीवर चालतात. हा हिशेब प्रामुख्याने समशीतोष्ण देशांतल्या आकड्यांवर बेतलेला होता.

उष्ण प्रदेशात चित्र किती वेगळे असते, हे कळायला चांगली जागा म्हणजे केनियाच्या किनाऱ्यावरचे किलिफी. तिथे 2009-10 मध्ये 47 घरांतल्या सुमारे पाचशे माणसांच्या नाकातले नमुने सहा महिने, आठवड्यातून दोनदा घेतले गेले. आजारी असो-नसो, सगळ्यांचे. असे चिकाटीचे काम जगात फार थोड्या ठिकाणी झाले आहे. त्यात एनएल63, ओसी43, 229ई हे सगळे घराघरांतून फिरताना दिसले, आणि काही जणांना तर या सहा महिन्यांतच तोच विषाणू दुसऱ्यांदा झालेला निघाला. श्वसनमार्गाच्या दुसऱ्या एका विषाणूच्या, आरएसव्हीच्या बाबतीत याच घरांनी दाखवून दिले की तान्ह्या बाळाकडे तो बहुतेकदा मोठ्या भावंडांकडून येतो. एका खोलीत सहा-आठ माणसे, शाळेतून येणारी दोन-तीन मुले, कडेवर बाळ. ताई सर्दी घेऊन येते आणि आठवड्यात घर शिंकू लागते. मुंबईच्या चाळीत किंवा सोलापूरच्या विडी कामगारांच्या वसाहतीत वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही.

आता नव्या विषाणूच्या बाजूने पाहू. साथीपूर्वी घेतलेल्या रक्तात नव्या कोरोनाविषाणूला चिकटणारी प्रतिपिंडे मिळतात का, हे 2020 मध्ये अनेकांनी तपासले. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेत ती सापडली, आणि मोठ्यांपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक. टांझानिया आणि झांबियातल्या साथीपूर्व नमुन्यांत ती अमेरिकी नमुन्यांपेक्षा खूप जास्त आढळली. कॅलिफोर्नियातल्या ला होया संस्थेने प्रतिकारशक्तीच्या टी पेशींचीही अशीच पूर्वओळख दाखवली. दिल्लीतल्या संशोधकांनाही विषाणू न भेटलेल्या माणसांत त्याला ओळखणाऱ्या पेशी मिळाल्या. इथवर उष्ण प्रदेशाचा दावा भक्कम दिसतो.

पण उष्ण प्रदेशातल्या रक्ताचे वाचन हे जुने अवघड काम आहे, आणि त्यातला एक धडा पुण्याचा आहे. आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था 1952 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने सुरू झाली ती विषाणू संशोधन केंद्र म्हणून. तिने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत देशातल्या लोकांचे रक्त वेगवेगळ्या विषाणूंसाठी तपासणे हे होते. तेव्हा साधारण सहा नमुन्यांपैकी एकात झिकाविरोधी खुणा मिळाल्या. भारतात झिकाचा पहिला खात्रीचा रुग्ण सापडायला मात्र आणखी सहा दशके लागली. 1952 सालच्या त्या खुणांतल्या बऱ्याचशा डेंग्यूसारख्या सगोत्र विषाणूंच्या असाव्यात, असे पुढे मानले गेले. कोविडच्या काळात बेनिनमध्ये मलेरियाच्या तापात असलेल्या रुग्णांचे रक्त काही चाचण्यांत चुकून कोविडचे ठरले. ज्या शरीराने अनेक जंतू पाहिले आहेत, त्याचे रक्त बऱ्याच गोष्टींना थोडेथोडे चिकटते. चिकटणे आणि अडवणे यांत अंतर आहे. पेनसिल्व्हेनियातल्या स्कॉट हेन्स्ली यांच्या गटाने हेच तपासले: सर्दीच्या विषाणूंची जुनी प्रतिपिंडे नव्या संसर्गानंतर वाढली खरी, पण ती आधीपासून असल्याने संसर्ग टळला किंवा रुग्णालय चुकले, असे दिसले नाही. टी पेशींबाबतचे पुरावे जास्त आश्वासक आहेत. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने पाहिलेल्या कुटुंबांत ज्यांच्या अशा पेशी जास्त होत्या, ते बाधित माणसाशेजारी राहूनही बरेचदा वाचले. मुलांच्या नाकाच्या अस्तराची सावधगिरी ही आणखी वेगळी बाब. बर्लिनच्या संशोधकांना मुलांच्या वरच्या श्वसनमार्गातल्या पेशी विषाणू येण्याआधीच सज्ज असलेल्या दिसल्या, आणि त्याचा जुन्या सर्दीशी संबंध असेलच असे नाही.

प्रयोगशाळेतला वाद बाजूला ठेवला, तरी नकाशा काय सांगतो? मार्च-एप्रिल 2020 मध्ये इक्वेडोरच्या ग्वायाकिल शहरात प्रेते घरांत आणि रस्त्यावर पडून होती. ग्वायाकिल विषुववृत्तापासून जेमतेम दोन अंशांवर आहे. ब्राझीलमधल्या ॲमेझॉनच्या काठच्या मानौसमध्ये ऑक्टोबर 2020 पर्यंत सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना संसर्ग झाल्याचा अंदाज होता. तरीही जानेवारी 2021 मध्ये तिथे दुसरी लाट आली आणि रुग्णालयांतला प्राणवायू संपला. या शहरांतली मुलेही दाटीतच वाढलेली होती. झांबियात, म्हणजे ज्या देशाचे रक्त या सिद्धान्ताच्या बाजूने उभे केले जाते त्याच देशात, लुसाकाच्या विद्यापीठ रुग्णालयाच्या शवागारात 2020 मध्ये 364 मृतदेहांची तपासणी झाली. साधारण सहापैकी एका मृतदेहात विषाणू सापडला, आणि बहुतेकांची जिवंतपणी चाचणी झालेलीच नव्हती. आणि आपल्याकडे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात 2020 आणि 2021 मध्ये मिळून सुमारे 47 लाख जादा मृत्यू झाले. सरकारी नोंद 4 लाख 81 हजारांच्या आसपास होती. केंद्र सरकारने तो अंदाज नाकारला. दोन्ही आकड्यांच्या मधोमध कुठेतरी सत्य असेल असे म्हणणेही मला पटत नाही. एप्रिल-मे 2021 मध्ये स्मशानांबाहेर लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना खरा आकडा कोणत्या बाजूला झुकतो याचा अदमास आहे.

उरतो तो वयाचा प्रश्न, आणि माझ्या मते सारा झगडा तिथेच सुटतो. आफ्रिकेचे मध्यक वय साधारण 19, भारताचे 28, इटलीचे 47. नवा विषाणू वय पाहून मारत होता. तरुण देशांत मृत्यू कमी दिसणारच. सारख्या वयाच्या माणसांची तुलना केली की चित्र उलटते. अमेरिकेतले अँड्र्यू लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये अशी तुलना केली, तेव्हा विकसनशील देशांत संसर्ग झालेल्यांतले मृत्यूचे प्रमाण श्रीमंत देशांच्या सुमारे दुप्पट निघाले. लहानपणीच्या सर्दीने काही कवच दिले असेलही, पण ते खाटा, प्राणवायू आणि वेळेवर मिळणाऱ्या डॉक्टरच्या अभावाला पुरे पडले नाही. जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीत 57 टक्के आणि इतरत्र 16 टक्के लोकांत नव्या विषाणूची प्रतिपिंडे आढळली. हा आकडा ऐकून काहींनी झोपडपट्टीच्या काटकपणाचे कौतुक केले होते. सार्वजनिक संडास आणि पाण्याचा एक नळ शेकडो माणसांत वाटून घेणाऱ्यांना विषाणू आधी गाठतो, याचा अर्थ त्यांची तब्येत चांगली असते असा होत नाही.

मुलांच्या बाबतीत आपण तर दोन्ही टोके गाठली. 2021च्या उन्हाळ्यात ‘तिसरी लाट मुलांवर येणार’ अशी हूल उठली. बालरोगतज्ज्ञांचे कृती दल नेमले गेले, रंगीत भिंतींचे कक्ष सजले. तयारी वाया गेली असे मी म्हणणार नाही. त्यानिमित्ताने जिल्हा रुग्णालयांत मुलांसाठी खाटा आल्या. पण त्याच उन्हाळ्यात मुंबई महापालिकेच्या पाहणीत 18 वर्षांखालच्या 51 टक्के मुलांत प्रतिपिंडे मिळाली होती. आयसीएमआरच्या जून-जुलैच्या चौथ्या देशव्यापी पाहणीत सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण 57 टक्के होते. शाळा बंद असताना निम्म्याहून अधिक मुलांना विषाणू भेटून गेला होता, आणि बहुतेकांच्या घरी कळलेही नव्हते. तरी पहिली ते चौथीच्या मुलांना वर्गात परतायला डिसेंबर 2021 उजाडला. पावणेदोन वर्षे! ‘आपल्याला काय होतंय’ म्हणणाऱ्या समाजाने मुलांचे पाटी-पुस्तक तेवढे घाबरून बंद ठेवले, आणि याचा जाब अजून कुणी कुणाला विचारलेला नाही. संसर्गानंतर काही आठवड्यांनी काही मुलांच्या शरीरभर दाह पसरला. त्यांच्या पालकांना ‘मुलांना काही होत नाही’ हे वाक्य आजही टोचत असणार.

या विषाणूची पुढची वाट कदाचित एका जुन्या साथीत दिसते. 1889-90 मध्ये ‘रशियन फ्लू’ जगभर फिरला आणि 1890 मध्ये हिंदुस्थानातही पोहोचला. 2005 मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी ओसी43 आणि गुरांचा कोरोनाविषाणू यांचा समान पूर्वज साधारण 1890च्या सुमाराचा असल्याचे गणित मांडले, आणि ती साथ याच विषाणूची असावी असा तर्क लढवला. त्या काळचा विषाणू कुणाच्या हाती नाही, त्यामुळे हा कयासच. तो खरा असेल, तर एकेकाळी म्हातारी माणसे मारणारा विषाणू आता बालवाडीतल्या नाकांतून वाहतो. कोविडचा विषाणू सार्स-कोव्ह-2 त्याच वाटेने निघालेला दिसतो. 2022 नंतर जन्मलेली मुले त्याला पहिल्या दोन-तीन वर्षांतच भेटत आहेत. मात्र पोलिओचा इतिहास माहीत असलेल्याने इथे सुस्कारा सोडू नये. पहिली भेट लवकर झाली की ती सहसा सौम्य असते, ही सरासरी आहे. सहा महिन्यांच्या आतले बाळ, कुपोषित बाळ, चुलीच्या धुरात वाढणारे बाळ या सरासरीत मावत नाही. सात देशांतल्या बालन्यूमोनियाच्या ‘पर्च’ अभ्यासात, ज्यात केनिया, झांबिया आणि बांगलादेशही होते, रुग्णालयात आलेल्या गंभीर मुलांपैकी जवळपास तीनात एकाच्या आजाराला आरएसव्ही जबाबदार ठरला. तोही ‘साधी सर्दी’च. त्याने होणारे बहुतेक बालमृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, आणि गर्भवतींना देण्याची त्यावरची लस 2023 मध्ये आधी श्रीमंत देशांत पोहोचली.

आपल्याकडे मोजण्याची परंपरा नाही, असेही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला आणि त्यांची मुले स्वतः आईबाप होण्याच्या वयाची होईतो त्यांचा माग ठेवला. भारतीय बाळ बारीक दिसले तरी त्याच्या अंगात चरबी जास्त असते, हे जगाला तिथून कळले. त्याच केईएमचे वढू येथील ग्रामीण आरोग्य केंद्र 2002 पासून शिरूर परिसरातल्या गावांतले जन्ममृत्यू घरोघर नोंदवते आहे. विषाणू ओळखणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा तिथून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. या तिघांना जोडून शे-दोनशे घरांत, किलिफीसारखे, बाळ जन्मल्यापासून तीन वर्षे नाकाचे नमुने घेणे हे काही अचाट काम नव्हे. त्याचा खर्च 2021 मध्ये सजवलेल्या एका बालकक्षाच्या आसपास बसेल, असा माझा होरा आहे. आईची प्रतिपिंडे आपल्या बाळाला कितव्या महिन्यापर्यंत पुरतात, पहिली सर्दी कोणत्या विषाणूची आणि कुणाकडून येते, पावसाळ्यात ती का वाढते, कमी वजनाच्या बाळाला ती किती महागात पडते, हे आपण आजवर डच आणि केनियन घरांवरून अनुमानत आलो आहोत. गर्भवतींना कोणती लस कोणत्या महिन्यात द्यावी, हा निर्णय येत्या काही वर्षांत राज्याच्या आरोग्य खात्यासमोर येणारच आहे, आणि तो शिरूर तालुक्यातल्या बाळांच्या आकड्यांवर घेता यायला हवा असेल तर नोंदी आत्ता सुरू कराव्या लागतील.